इंदूरच्या रस्त्यावर मोटारींची शर्यत: ऐकीव काय, खरं काय

हैदराबादला झाली, चेन्नईला झाली, मग इंदूरला का नको? स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिल्या आलेल्या शहराने हे विचारणं स्वाभाविक आहे. पण या प्रश्नाला ‘हो’ म्हणताना जी कारणं दिली जातात, ती एकेक तपासून घ्यायला हवीत.

गैरसमज: सुपर कॉरिडॉर रुंद आहे, रस्ते लख्ख आहेत, आणखी काय हवं?

रुंदी ही सगळ्यांत सोपी अट. शर्यतीची मोटार रस्त्याला जवळपास चिकटून धावते आणि तिच्या तळाशी हवेचा दाब इतका घटतो की सैल झाकण वर उचललं जातं. नोव्हेंबर 2023 मध्ये लास वेगासला पाण्याच्या व्हॉल्व्हचं झाकण असंच निखळलं, कार्लोस साइन्झच्या फेरारीचा तळ फुटला आणि पहिला सराव दहा मिनिटांच्या आत थांबवावा लागला. म्हणजे मार्गातलं प्रत्येक झाकण पक्कं करायचं, गतिरोधक आणि दुभाजक काढायचे, डांबराचा नवा थर द्यायचा, दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती आणि त्यावर जाळ्या उभ्या करायच्या. नुसता सरळ रस्ताही पुरत नाही. चेन्नईच्या साडेतीन किलोमीटरांत 19 वळणं होती. हे सारं झाल्यावर आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ तपासणी करतो. चेन्नईत 31 ऑगस्ट 2024 रोजी त्याच्या मंजुरीला उशीर झाला आणि शनिवारचं वेळापत्रक कोलमडलं.

गैरसमज: रंगपंचमीची गेर सांभाळतो, तर हे काय अवघड?

लाखोंची गर्दी पांगल्यावर काही तासांत राजवाड्याचा परिसर धुऊन काढणारे आपले सफाई कर्मचारी ही इंदूरची खरी ताकद आहे, आणि ती शर्यतीतही कामी येईल. पण गेरची मिरवणूक काही तासांत संपते आणि आसपासची वस्ती तिच्यात सामील असते. शर्यतीत वस्ती भिंतीआड जाते, तीही अनेक दिवस. मोनॅको 1929 पासून शर्यत भरवतं, तरी तिथे मार्ग उभारायला आजही सुमारे सहा आठवडे लागतात. इतके दिवस आजारी माणूस एमवाय हॉस्पिटलला कोणत्या रस्त्याने न्यायचा, मार्गाच्या आतल्या दुकानदाराने माल कधी उतरवायचा, ही उत्तरं नकाशावर घरागणिक द्यावी लागतात. गर्दीच्या अनुभवातून ती मिळत नाहीत.

गैरसमज: जवळच पीथमपूरला ट्रॅक आहे, तो मदतीला येईल.

जून 2021 मध्ये खुला झालेला, नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा 11.3 किलोमीटरचा लंबगोल ट्रॅक वाहनांच्या वेगचाचण्यांसाठी आहे. त्याच्या असण्याने शहरातल्या रस्त्याची एकही अडचण सुटत नाही.

गैरसमज: एकदा शर्यत झाली की पैसा येतोच.

खरी मेख इथे आहे. हैदराबादला हुसेनसागराकाठी 11 फेब्रुवारी 2023 रोजी फॉर्म्युला ई झाली. सुमारे 2.8 किलोमीटरचा मार्ग, विजेता जाँ-एरिक व्हर्न, जगभर प्रक्षेपण. पुढची शर्यत फेब्रुवारी 2024 मध्ये ठरली होती. मधल्या काळात राज्यातलं सरकार बदललं आणि जानेवारीत ती रद्द झाली. करारातल्या पैशांवरून पुढे लाचलुचपतविरोधी खात्याने गुन्हाही नोंदवला. रस्ता, भिंती, दिवे यांचा मोठा खर्च पहिल्याच वर्षी होतो. तो भरून निघायला पुढची बरीच वर्षं लागतात. तेवढी वर्षं मिळतीलच याची खात्री नसते. व्हॅलेन्सियातली फॉर्म्युला वन 2008 ते 2012 एवढीच टिकली. हनोईने 2020 साठी मार्ग बांधला, कोरोना आला आणि तिथे फॉर्म्युला वनची शर्यत झालीच नाही. ग्रेटर नोएडाचा ट्रॅक तर कायमचा, तरी करमणूक कराच्या वादात 2013 नंतर फॉर्म्युला वन तिथे आली नाही.

मला वेगाची शर्यत आवडते, म्हणूनच ती एका वर्षाची हौस ठरू नये असं वाटतं. इंदूरचा निर्णय रस्त्याच्या रुंदीवर नाही, कराराच्या मजकुरावर व्हावा. निविदेआधी महापालिकेने तो मराठी-हिंदीत लोकांसमोर ठेवावा: करार किती वर्षांचा, सरकार बदललं तर नुकसान कोणाच्या खिशातून, आयोजकाची अनामत किती, आणि शेवटची भिंत कोणत्या तारखेला हटणार. मार्गात येणाऱ्या प्रभागांची सुनावणी त्यानंतर, आणि सही सगळ्यांत शेवटी.