बॉवरबाईंची पहिली कादंबरी

अमेरिकेच्या पश्चिम भागातील अफाट कुरणे, त्यांवर चरणारी हजारो गुरे, ती राखणारे घोडेस्वार काउबॉय आणि पूर्वेकडील एखाद्या शहरातून रेल्वेने येऊन त्या उजाड मुलखात उतरणारी सुशिक्षित तरुणी, एवढ्याच सामग्रीवर जी प्रणयकथा त्या देशात गेली सव्वाशे वर्षे अव्याहत लिहिली जात आहे, तिच्या एका सोज्ज्वळ शाखेला तिकडील प्रकाशक 'स्वीट वेस्टर्न रोमान्स' या नावाने ओळखतात. या शाखेचे संकेत ठरलेले आहेत. नायक-नायिकांची जवळीक चुंबनाच्या पलीकडे वर्णिली जात नाही, शेवट सुखाचा असावा लागतो, आणि पिस्तुलाचा बार झालाच तर तो कथेच्या कडेला कोठेतरी होतो. कितीतरी नवोदित लेखिका आपली पहिली कादंबरी याच प्रकारात लिहितात, सामान्य वाचक ती आवडीने वाचतो, आणि टीकाकार मात्र या वाङ्मयाला विरंगुळ्याच्या सदरात टाकून पुढे जातात. ही उपेक्षा मला अन्यायाची वाटते. ज्या लेखिकांनी ही वाट प्रथम मळली त्यांच्यापैकी एकीचे चरित्र आणि तिची पहिली कादंबरी शेजारी शेजारी ठेवून वाचली, म्हणजे ध्यानात येते की संसाराच्या कटुतेचा पुरता अनुभव घेतलेल्या एका कष्टाळू बाईने ही गोडी समजून-उमजून निवडली होती.

ही लेखिका म्हणजे बी. एम. बॉवर. पूर्ण नाव बर्था मझी बॉवर. जन्म 1871 सालचा, मिनेसोटा राज्यातला. 1889 साली, म्हणजे मोंटानाला राज्याचा दर्जा मिळाला त्याच वर्षी, मझी कुटुंब मोंटानातील ग्रेट फॉल्स या गावाच्या परिसरात येऊन राहिले. बर्था तेव्हा अठराच्या आतबाहेर होती. ओंडक्यांनी बांधलेल्या एका लहानशा शाळेत तिने काही काळ मुले शिकवली, आणि 1890 च्या डिसेंबरात क्लेटन बॉवर नावाच्या गृहस्थाशी घरच्यांना न कळवता विवाह केला. पुढच्या पाच-सहा वर्षांत तीन अपत्ये झाली, आणि 1898 च्या सुमारास हे बिऱ्हाड बिग सँडी या आडगावाजवळच्या एका गवताच्या छावणीवर जाऊन पडले. बेअर पॉ डोंगरांच्या आसमंतातले हे ठिकाण. भोवती वारा, बर्फ आणि मैलोगणती पसरलेले गवत. कुरणावर काम करणाऱ्या माणसांचे जेवणखाण सांभाळायचे, तीन मुलांचे करायचे, आणि ज्या पुरुषाशी मन जुळले नाही त्याच्याबरोबर एका खोपटात हिवाळे काढायचे, हा बॉवरबाईंचा दिनक्रम होता. त्या खोपटाला त्यांनी स्वतःच 'उदास झोपडी' अशा अर्थाचे नाव दिले होते.

या झोपडीत बसून त्यांनी लिहायला प्रारंभ केला, तो वाङ्मयसेवेच्या उदात्त हेतूने नव्हे. ज्या स्त्रीच्या नावावर मालमत्ता नाही, हुद्दा नाही आणि माहेरी परतण्याची सोय नाही, तिला स्वतंत्र होण्यासाठी हक्काची कमाई हवी होती, आणि मासिके त्या काळी कथांना रोख मोबदला देत असत. चरित्रकारांनी त्यांच्या लेखनाचे मूळ येथेच शोधले आहे. पोटासाठी आणि सुटकेसाठी लिहिलेले वाङ्मय हलक्या प्रतीचे असते अशी समजूत आपल्याकडेही रूढ आहे. मला ती कधीच पटलेली नाही. ज्याच्या लेखणीवर घर चालायचे असते तो वाचकाला गृहीत धरत नाही, आणि बॉवरबाईंच्या पहिल्या कादंबरीत ही सावधगिरी पानोपानी जाणवते.

या उमेदवारीत त्यांना एक सोबती भेटला. बर्ट्रंड विल्यम सिंक्लेअर, ज्याला सगळे बिल म्हणत, हा एडिंबरोमध्ये जन्मलेला, कॅनडात वाढलेला आणि पोरवयातच घर सोडून मोंटानात काउबॉय झालेला तरुण त्यांच्या बिऱ्हाडी राहत असे. वयाने तो त्यांच्याहून नऊ-दहा वर्षांनी लहान. बाईंच्या संग्रहातली पुस्तके त्याने वाचायला नेली, त्यांच्या मसुद्यांतील घोडे, खोगीर आणि दोर यांच्या वर्णनांत कोठे चूक आहे ते दाखवले, आणि बदल्यात त्यांच्याकडून लेखनाचे धडे घेतले. पुढे तो स्वतःही नावाजलेला कादंबरीकार झाला. 1905 साली बॉवरबाईंनी पहिल्या पतीपासून घटस्फोट घेतला आणि त्याच वर्षी सिंक्लेअरशी विवाह केला. तोही संसार कायमचा टिकला नाही. जिचे नाव गोड प्रणयकथेच्या इतिहासात घ्यावे लागते तिच्या आयुष्यात हा गोडवा किती थोडा होता, हे सांगायला याहून निराळ्या दाखल्याची आवश्यकता नाही.

'चिप ऑफ द फ्लाइंग यू' ही त्यांची पहिली कादंबरी 'पॉप्युलर मॅगझीन' या नियतकालिकाच्या ऑक्टोबर 1904 च्या अंकात प्रसिद्ध झाली आणि 1906 मध्ये पुस्तकरूपाने निघाली. मासिकातील या प्रसिद्धीच्या दोनच वर्षे आधी, 1902 साली, ओवेन विस्टर यांच्या 'द व्हर्जिनियन' या कादंबरीने काउबॉयला साहित्यात प्रतिष्ठा मिळवून दिली होती. तीही एका अर्थी प्रणयकथाच आहे. व्हरमाँटहून वायोमिंगला आलेल्या शिक्षिकेवर एका काउबॉयचे प्रेम जडते. परंतु विस्टर यांचा नायक गुरेचोरीच्या आरोपावरून आपल्याच मित्राला फासावर चढवतो, आणि विवाहाच्या आदल्या दिवशी, वाग्दत्त वधू विनवीत असतानाही, वैऱ्याशी पिस्तुलाचा सामना करायला जातो. त्याची प्रतिष्ठा मरण देण्याच्या सामर्थ्यावर उभी आहे, आणि नायिकेने अखेरीस ते सामर्थ्य मान्य करायचे आहे. विस्टर हे पूर्वेकडील सुखवस्तू, हार्वर्डमध्ये शिकलेले गृहस्थ. पश्चिमेला ते पाहुणे म्हणून गेले होते. बॉवरबाई मात्र तेथे चूल पेटवीत होत्या.

आता त्यांची कथा पाहा. फ्लाइंग यू नावाच्या रँचचे वयस्क मालक जे. जी. व्हिटमोर यांची धाकटी बहीण डेला शिक्षण संपवून भावाकडे राहायला येणार आहे, आणि या वार्तेने 'हॅपी फॅमिली' म्हणवणारा काउबॉयांचा सगळा गोतावळा धास्तावला आहे, कारण बाईमाणूस आले म्हणजे आपल्या मोकळेपणावर गदा येणार. डेला शिकून आली आहे ती वैद्यकशास्त्र. स्टेशनवरून तिला आणायला गेलेला चिप हा अबोल, स्वाभिमानी काउबॉय वाटेतच पाहतो की या नाजूक मुलीला बंदूक चालवता येते. त्याचा लाडका घोडा सिल्व्हर जायबंदी होतो तेव्हा त्याला वाचवण्याचे काम डेला करते, आणि दोघांची पहिली खरी ओळख होते ती तबेल्यात, जनावराच्या शुश्रूषेच्या निमित्ताने. पुढे एका अवखळ घोड्यामुळे चिप स्वतः जखमी होऊन अंथरुणावर पडतो आणि तिचा रुग्ण होतो. काउबॉय तिला 'लिटल डॉक्टर' म्हणू लागतात. त्या संबोधनात थोडे कौतुक असते, थोडा अविश्वास असतो, आणि शेवटी पुरता आदर येतो.

मराठी वाचकाला डेलाचे फारसे नवल वाटू नये. आपल्या आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून 1886 सालीच एम.डी. ही पदवी घेतली होती, म्हणजे डेला कागदावर अवतरण्याच्या अठरा वर्षे आधी. परंतु वैद्यकीय ज्ञान असलेली स्त्री मोंटानाच्या कुरणावर उभी करून, तिच्या ज्ञानाला प्रेमातला अडथळा न मानता त्याच ज्ञानामुळे ती प्रिय व्हावी अशी कथेची योजना करणे, हे 1904 सालच्या लोकप्रिय वाङ्मयात साधे काम नव्हते. डेलाने वैद्यक सोडून संसार थाटावा अशी चिपची मागणी नाही. प्रेम आणि काम यांचा असा मेळ ज्या लेखिकेने घातला तिच्या स्वतःच्या वाट्याला काम तेवढे आले होते.

चिपच्या मनाला जाळणारे एक नाव कथेत वारंवार येते: डॉक्टर सेसिल ग्रँथम. डेला या डॉक्टरविषयी मोठ्या प्रेमाने बोलते, पत्रे येतात-जातात, आणि चिपची खात्री पटत जाते की हा शहरी, शिकलेला प्रतिस्पर्धी असताना आपल्यासारख्या अडाण्याला आशा धरण्याचे कारण नाही. अखेर डॉक्टर ग्रँथम रँचवर अवतरतात तेव्हा कळते की ती डेलाची वर्गमैत्रीण आहे. डॉक्टर म्हटल्यावर पुरुषच डोळ्यांपुढे यावा ही चिपची चूक वाचकही त्याच्याबरोबर करीत आलेला असतो, आणि त्याला कोणी उपदेश न करता ती त्याच्या पदरात टाकली जाते.

कादंबरीतील सर्वांत सुंदर भाग चित्राचा आहे. चिपला उपजत चित्रकला येते, पण ती त्याने कोणाला दाखवलेली नाही. डेलाने अर्धवट सोडलेल्या एका निसर्गदृश्यात तो दुखण्यातून उठता उठता चोरून रंग भरतो: हिवाळ्यात अन्नान्न झालेली एक गाय, तिच्याजवळ वासरू, आणि समोर दबा धरून बसलेले भुकेले लांडगे. घरी आलेले पाहुणे ते चित्र पाहून थक्क होतात आणि श्रेय सहजच डेलाला देतात. खरा चित्रकार गप्प राहतो; डेलाला ते श्रेय बोचते. मोंटानाच्या वाचकांना या चित्राची पार्श्वभूमी वेगळी सांगावी लागली नसेल. 1886–87 च्या भीषण हिवाळ्यात तेथील कुरणांवरची गुरे कळपच्या कळप गारठून मेली होती, आणि चार्ल्स रसेल नावाच्या तरुण काउबॉयने मालकाला कळपाची अवस्था कळवण्यासाठी, हाडांचा सापळा झालेली गाय आणि तिच्या मरणाची वाट पाहणारे लांडगे असे एक लहानसे चित्र काढले होते. हाच रसेल पुढे पश्चिमेचा थोर चित्रकार म्हणून विख्यात झाला. बॉवरबाईंच्या पुस्तकाला चित्रे काढली तीही त्यानेच, त्यामुळे चिप म्हणजे रसेल असा अनेकांचा ग्रह झाला. लेखिकेने तो मान्य केला नाही.

मला या प्रसंगात दुसरेच काही दिसते. कथेत पुरुषाने काढलेले चित्र स्त्रीच्या नावावर खपते. आणि ज्या पुस्तकात ही कथा आहे त्याच्या मुखपृष्ठावर मात्र 'बी. एम. बॉवर' अशी केवळ आद्याक्षरे आहेत, ज्यांमागे कोणी अनुभवी काउबॉय असावा असा वाचकांचा समज झाला आणि प्रकाशकांनी तो वर्षानुवर्षे होऊ दिला. वेस्टर्न लिहिणारी व्यक्ती स्त्री आहे हे कळल्यास खप कमी होईल ही त्यामागची धास्ती. आपल्या श्रमाचे श्रेय दुसऱ्याच्या खात्यावर जमा होताना गप्प राहणे म्हणजे काय, हे बॉवरबाईंना पुढील आयुष्यात पुरेपूर कळायचे होते, पण ते त्यांनी पहिल्याच पुस्तकात लिहून ठेवले.

पहिल्या कादंबरीच्या यशावर त्यांनी फ्लाइंग यूच्या मंडळींच्या आणखी कथा लिहिल्या, चित्रपटांसाठी लेखन केले, आणि 1940 साली मृत्यू येईपर्यंत पन्नासहून अधिक कादंबऱ्या हातावेगळ्या केल्या. 'चिप'वर 1914 मध्ये मूकपट निघाला आणि त्यात टॉम मिक्स हा त्या काळचा लोकप्रिय नट नायक होता. या पुढच्या काळातील सर्वच लेखन सारख्या प्रतीचे आहे असे मी म्हणणार नाही. करारानुसार पुस्तक देत राहणाऱ्या लेखकाची जी दमणूक होते ती पुष्कळ ठिकाणी दिसते.

परंतु 1912 ची 'लोनसम लँड' ही कादंबरी या यादीत वेगळी काढून ठेवली पाहिजे. पूर्वेकडून मोठ्या आशेने मोंटानाला लग्नासाठी आलेली व्हॅलेरिया गाडीतून उतरते तेव्हा तिचा नियोजित वर दारूच्या नशेत असतो, आणि हे तिच्यापासून लपवले जाते. पुढचा संसार, त्यातला एकांत, नवऱ्याची अधोगती, कुरणाला लागणारा वणवा, हे सारे लेखिकेने इतक्या निर्भय दृष्टीने पाहिले आहे की 'चिप'चे सौम्य, हसरे जग याच लेखणीतून उतरले होते हे आठवले म्हणजे त्या सौम्यतेचे मोल कळते. कुरणावरचा विवाह काय करू शकतो हे ठाऊक असताना तिने चिप आणि डेला यांना एकमेकांच्या कामाचा मान राखणारे सहजीवन दिले. काय घडते हे तिने एका पुस्तकात लिहिले, काय घडायला हवे होते हे दुसऱ्यात, आणि दुसऱ्या प्रकाराला पलायन म्हणून मोडीत काढणाऱ्यांनी पहिले पुस्तक बहुधा वाचलेले नसते.

या परंपरेला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नवा बहर आला तो कॅनडातील आल्बर्टा प्रांतात जन्मलेल्या जॅनेट ओक यांच्यामुळे. चाळिशी उलटल्यावर 1979 साली प्रसिद्ध झालेली 'लव्ह कम्स सॉफ्टली' ही त्यांचीही पहिलीच कादंबरी. पश्चिमेच्या प्रवासात पती गमावलेली मार्टी आणि लहान मुलगी पदरी असलेला विधुर क्लार्क यांचा विवाह येथे निव्वळ व्यवहार म्हणून ठरतो. तिने हिवाळाभर मुलीला सांभाळावे आणि वसंत ऋतूत वाटल्यास परतीच्या प्रवासाचा खर्च त्याने द्यावा. प्रेम मागाहून येते, तेही भाकरी करपणे, मूल रडणे, बर्फात अडकणे अशा प्रसंगांतून. ओकबाईंच्या कथेत ईश्वरश्रद्धेचा स्वर ठळक आहे, बॉवरबाईंच्या कथेत तो जवळजवळ नाही. ओकबाईंची नायिका घर चालवायला शिकते, बॉवरबाईंची नायिका व्यवसाय शिकूनच आलेली असते, आणि या बाबतीत पंचाहत्तर वर्षांपूर्वीची नायिका मला अधिक आधुनिक वाटते. ज्या मराठी वाचकाला या वाङ्मयाशी परिचय करून घ्यावयाचा असेल त्याने प्रथम 'चिप' वाचावी, लगेच 'लोनसम लँड' वाचावी, आणि मग ओकबाईंकडे वळावे. पहिल्या दोन कादंबऱ्यांचे स्वामित्वहक्क अमेरिकेत केव्हाच संपलेले असल्याने त्या मिळवणे अवघड नाही.