शेपूट आणि नळी

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ज्याची खोड काही केल्या जात नाही, अशा माणसाला उद्देशून ती वापरतात. म्हण माणसासाठी असली, तरी तिचा डाग मात्र बिचाऱ्या कुत्र्याला लागला आहे. मोठा झालेला कुत्रा सुधारत नाही, त्यास शिकवणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असे पुष्कळ लोक मानतात. शेपटापुरती ही म्हण खरी आहे. शेपटाचे वळण त्यातील मणक्यांच्या ठेवणीने जन्मतःच ठरलेले असते. कोणतीही नळी ते बदलू शकणार नाही. परंतु शेपूट म्हणजे कुत्रा नव्हे.

अमरावती शहरातील राजापेठ ही मोठ्या वर्दळीची वस्ती आहे. बडनेऱ्याकडे जाणारा रस्ता या भागातून जातो आणि त्यावर पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत वाहनांची रीघ लागलेली असते. या वस्तीतील एखाद्या घराची आपण कल्पना करू. घरात पाच वर्षांचा एक कुत्रा आहे. तो पिलू होता तेव्हा सर्वांनी त्याचे कौतुक केले. त्यास शिकवले मात्र कोणी काहीच नाही. आता फाटक उघडे दिसले की तो रस्त्याकडे धाव घेतो. पाहुणा आला की त्याच्या अंगावर पुढचे दोन्ही पाय टाकतो. हाक मारली, तर जवळ येण्याऐवजी लांब पळतो. कारण हाक आली की पाठोपाठ साखळी येते, एवढेच त्यास अनुभवाने ठाऊक आहे. एके दिवशी तो मोटारीखाली येता येता वाचतो. घरची मंडळी घाबरतात आणि त्यास कायमचे बांधून ठेवतात. बांधलेला कुत्रा कंटाळतो व दिवसभर भुंकतो. शेजाऱ्यांच्या तक्रारी सुरू होतात. अखेर कोणीतरी म्हणते, "जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही. याला कोठेतरी दूर नेऊन सोडून द्या."

या साऱ्यात कुत्र्याचा अपराध कोणता? ये, थांब, बस आणि सोड हे चार शब्द त्यास कळत असते, तर गोष्ट या थरास गेलीच नसती. 'थांब' म्हटल्यावर जो कुत्रा फाटकातच थबकतो, त्याचे प्राण त्या एका शब्दाने वाचतात. 'ये' म्हटल्यावर जो आनंदाने धावत येतो, त्यास मैदानावर मोकळे सोडता येते. शिकवण म्हणजे बंधन, असे आपणांस वाटते. परंतु कुत्र्याच्या बाबतीत नेमके उलट घडते. जितके शब्द त्यास अधिक कळतात, तितकी त्याची साखळी लांब होत जाते.

पण पाच वर्षांचा कुत्रा शिकेल काय? आठ वर्षांचा, दहा वर्षांचा शिकेल काय?

कुत्रा शिकतो तो लहानपणीच, हा समज कोठून आला असावा, हे पाहण्यासारखे आहे. ज्या कुत्र्यांची कीर्ती आपल्या कानी येते, ती बहुधा पोलिसांची वा सैन्याची असतात, आणि त्यांचे शिक्षण लहान वयातच होते. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातील 'जंजीर' हा लॅब्राडोर जातीचा कुत्रा १९९२ सालच्या जानेवारीत जन्मला. पुण्यातील शिवाजीनगर येथे गुन्हे अन्वेषण विभागाच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात तो शिकला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पथकात दाखल झाला. पुढे तीनच महिन्यांनी, १२ मार्च १९९३ रोजी, मुंबईत बॉम्बस्फोटांची मालिका घडली. त्यानंतरच्या शोधकार्यात या कुत्र्याने केवळ नाकाच्या बळावर तीन हजार किलोग्रॅमहून अधिक स्फोटके हुडकून काढली. किती माणसांचे प्राण त्यामुळे वाचले, याची गणती कोण करणार! १६ नोव्हेंबर २००० रोजी तो हाडांच्या कर्करोगाने मरण पावला, तेव्हा पोलीस दलाने त्यास सन्मानाने अखेरचा निरोप दिला.

जंजीर वर्षाचा होण्याआधी कामावर रुजू झाला, हे खरे. तथापि पोलीस दल लहान कुत्री निवडते त्याचे कारण निराळे आहे. कुत्र्याचे आयुष्य थोडे असते; त्याच्या शिक्षणावर श्रम आणि पैसा खर्च होतो; तेव्हा त्याच्याकडून अधिकांत अधिक वर्षे सेवा मिळावी, अशी अपेक्षा असते. हा हिशेब नोकरीच्या वर्षांचा आहे, बुद्धीचा नव्हे. घरच्या कुत्र्यास स्फोटके शोधावयाची नसतात. त्यास फक्त आपल्याबरोबर नीट राहावयाचे असते.

कुत्रा शिकतो कसा, हे रशियातील शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगांतून जगास प्रथम नीट समजले. खरे पाहता ते अन्नपचनाचा अभ्यास करीत होते, आणि त्याबद्दल त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिकही मिळाले. कुत्र्याच्या तोंडात अन्न पडले म्हणजे किती लाळ सुटते, हे मोजत असता त्यांच्या असे ध्यानात आले की, अन्न आणणाऱ्या माणसाची चाहूल लागताच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. मग त्यांनी एक टिकटिक करणारे यंत्र वाजवून लगेच अन्न देण्याचा क्रम ठेवला. काही दिवसांनी नुसती टिकटिक ऐकूनही लाळ गळू लागली. एका गोष्टीमागून दुसरी गोष्ट येते, हे नाते कुत्र्याने जुळवले होते. तुमच्या घरी कुत्रा असेल, तर स्वयंपाकघरात ताटलीचा आवाज होताच तो कसा कान टवकारतो, ते आठवून पाहा. ही नाती जुळवणे जन्मभर चालू असते. म्हणजे, आपण शिकवले नाही म्हणून कुत्रा शिकत नाही, असे नाही. तो आपल्या नकळत भलतेच शिकत राहतो. 'हाक म्हणजे साखळी' हा धडा आपल्या गोष्टीतील कुत्रा असाच शिकला होता.

आता वयाचा प्रश्न. ऑस्ट्रियातील व्हिएन्ना येथे पशुवैद्यकीय विद्यापीठातील संशोधकांनी या प्रश्नाची मुद्दाम परीक्षा घेतली आणि २०१६ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बॉर्डर कॉली नावाची, मेंढ्या राखणारी एक हुशार जात आहे. या जातीची ९५ पाळीव कुत्री त्यांनी घेतली. सर्वांत लहान पाच महिन्यांचे, तर सर्वांत मोठे तेरा वर्षांचे होते. त्यांच्यासमोर एका पडद्यावर दोन चित्रे दाखवीत. बरोबर चित्राला नाक लावले की खाऊ मिळे. चुकीच्या चित्राला लावले की काही मिळत नसे. म्हाताऱ्या कुत्र्यांना हा धडा समजण्यास अधिक वेळ लागला, हे कबूल केले पाहिजे. परंतु ती शिकली. सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा घेतली, तेव्हा शिकलेले ध्यानात ठेवण्यात तरुण आणि वृद्ध यांत काहीच फरक आढळला नाही.

याहूनही मौजेची गोष्ट पुढेच आहे. एका कसोटीत, आधी चुकीचे म्हणून ओळखीचे झालेले चित्र आणि एक अगदी नवे चित्र अशी जोडी दाखविली. 'हे चुकीचे आहे, तर ते दुसरे बरोबर असले पाहिजे,' असा तर्क येथे करावयाचा होता. या कसोटीत वय जितके अधिक तितके यश अधिक, असे दिसून आले! संशोधकांच्या मते, एकदा शिकलेली गोष्ट म्हातारी कुत्री अधिक हट्टाने धरून ठेवतात, हे याचे कारण असावे. ज्या हेकेखोरपणास आपण खोड म्हणतो, तोच येथे उपयोगी पडला.

शिकण्याने म्हाताऱ्या कुत्र्याच्या बुद्धीचेही रक्षण होते. बीगल जातीच्या वृद्ध कुत्र्यांवर दोन वर्षे प्रयोग झाला. ज्यांना नित्य नवे धडे, सोबती, खेळणी आणि फिरणे मिळाले, व शिवाय विशेष पौष्टिक आहार मिळाला, त्यांची शिकण्याची शक्ती टिकून राहिली. ज्यांना यांतले काहीच मिळाले नाही, त्यांची मात्र घटत गेली.

शिकवण्याची रीत अवघड नाही. तिला लागतो तो धीर. घरातील मोठ्या माणसाला बरोबर घ्यावे. कुत्र्यास आवडणारा खाऊ, भाकरीचे किंवा उकडलेल्या अंड्याचे अगदी बारीक तुकडे, हाताशी ठेवावा. चॉकलेट, द्राक्षे व बेदाणे मात्र कधीही देऊ नयेत; ते कुत्र्यास विषासमान असतात. कुत्र्याने सांगितलेली गोष्ट केली की त्याच क्षणी शाबासकी व खाऊ द्यावा. येथे वेळेला फार महत्त्व आहे. कुत्रा बसला, पुन्हा उठला, आणि मग आपण खाऊ दिला, तर उठण्याबद्दलच खाऊ मिळाला, अशी त्याची समजूत होते! एका कामासाठी घरात सर्वांनी एकच शब्द वापरावा. आई 'ये' म्हणते, बाबा 'इकडे' म्हणतात आणि धाकटा भाऊ नुसती शीळ घालतो, अशा घरातील कुत्रा गोंधळला, तर नवल नाही. एका वेळी पाच-दहा मिनिटे पुरेत. वऱ्हाडचा उन्हाळा कसा असतो, हे तुम्हांस सांगावयास नकोच. त्या दिवसांत डांबरी रस्त्याने कुत्र्याच्या पंजांचे तळवे पोळतात. तेव्हा फिरणे आणि शिकवणे सूर्य चढण्यापूर्वी उरकावे.

मारून शिकवू नये. मारलेला कुत्रा शिकत नाही, तो भितो; आणि भ्यालेला कुत्राच पुष्कळदा चावतो. पोर्तुगालमध्ये २०२० साली ९२ कुत्र्यांची तपासणी झाली. दरडावून आणि दुखवून शिकविलेल्या कुत्र्यांच्या लाळेत, धडा संपल्यावर, मनावरील ताणाने वाढणारे द्रव्य अधिक सापडले; खाऊ देऊन शिकविलेल्यांत ते तसे वाढले नव्हते. पाव्हलॉव्ह यांनी ज्या लाळेतून कुत्र्याची आशा मोजली, तिच्यातूनच आता त्याची भीतीही मोजता येऊ लागली आहे.

पिलाला शिकवणे आणि प्रौढ कुत्र्याला शिकवणे यांत फरक आहे, तो लपविण्याचे कारण नाही. जन्मानंतर साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत पिलाचे मन अतिशय ग्रहणशील असते. स्कॉट आणि फुलर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे विस्ताराने मांडले आहे. या काळात ज्या माणसांची व प्राण्यांची पिलाला ओळख होते, त्यांचे भय त्यास पुढे सहसा वाटत नाही. हा काळ ज्याचा वाया गेला, अशा मोठ्या कुत्र्याची भीती घालविण्यास महिनोन्महिने लागतात, आणि कधी ती पुरती जातही नाही. पण 'बस' आणि 'थांब' ही निराळी गोष्ट आहे. पिलू क्षणात शिकते आणि क्षणात फुलपाखरामागे धावते. प्रौढ कुत्रा आपल्या तोंडाकडे पाहत बसतो. शिकविणाऱ्याच्या दृष्टीने त्याचा हा गुण फार मोलाचा आहे. मात्र त्याने आधी एक शिकलेले असते, ते पुसून दुसरे लिहावे लागते. 'ये' या शब्दामागून साखळीच येत असेल, तर तो शब्दच टाकून नवा शब्द घ्यावा. त्या नव्या शब्दामागून पंधरा-वीस दिवस फक्त खाऊ आणि कुरवाळणेच यावे. प्रथम घरात, मग अंगणात, मग लांब दोरी बांधून मोकळ्या जागेत, अशा क्रमाने पुढे जावे. रस्त्याच्या कडेला अगदी शेवटी.

म्हाताऱ्या कुत्र्याशी वागताना आणखी एक विवेक लागतो. तो सांगितल्यावर बसत नसेल, तर तो हट्टी आहे असे लगेच ठरवू नये. कदाचित त्याचे सांधे दुखत असतील. नीट वागणारा कुत्रा एकाएकी चिडका झाला, तर त्यास पशुवैद्याकडे न्यावे. पिसाळरोगाची लस दरवर्षी टोचून घेणे, हे तर कोणत्याही वयात चुकवू नये. वय झाले की पुष्कळ कुत्र्यांना ऐकू येईनासे होते. म्हणून कान शाबूत आहेत तोवरच प्रत्येक शब्दाला हाताच्या खुणेची जोड द्यावी: तळवा पुढे धरला की 'थांब', हात आपल्या छातीकडे आणला की 'ये'. पुढे शब्द ऐकू येईनासे झाले, तरी खुणा उरतात. कुत्र्याची पाठ असेल, तर जमिनीवर पायाने हलकेच थाप द्यावी. ती त्यास पंजांतून कळते, तो वळून पाहतो, आणि मग हात छातीकडे न्यावा.