सलाईन म्हणजे जेवण नव्हे

पेशंट जेवत नाही म्हटल्यावर वेंगुर्ल्यातही घरच्यांची पहिली मागणी ठरलेली असते: 'निदान सलाईन तरी लावा.' सलाईनने अन्नाची गरज भागते, हा सगळ्यांत रुजलेला गैरसमज. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर, म्हणजे जेमतेम 85 किलोकॅलरी असतात. नॉर्मल सलाईनमध्ये तर शून्य. पाणी आणि क्षार भरून निघतात, उपास मात्र चालूच राहतो. थोडे दिवस हे चालून जाते. पण आतड्यात अडथळा असेल किंवा मोठ्या शस्त्रक्रियेनंतर आतडे बराच काळ चालत नसेल, तर शिरेतून खरे अन्न द्यावे लागते. असा पेशंट बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजसारख्या मोठ्या रुग्णालयात नेला, की दुधासारखी पांढरी पिशवी दिसू शकते. ती स्निग्धांशाची.

तिच्याबद्दलचा दुसरा गैरसमज भीतीचा: रक्तात तेल गेले की शिरा तुंबणार. भीती निराधार नाही. साधे तेल शिरेत गेले तर त्याचे थेंब फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या अडवतात आणि जीव जाऊ शकतो. अमेरिकेत सरकीच्या तेलाचे शिरेतून द्यायचे एक औषध 1960च्या दशकात दुष्परिणामांमुळे मागे घ्यावे लागले. पण स्वीडनच्या आर्विड व्रेटलिंड यांनी त्याच सुमारास सोयाबीन तेल अंड्यातल्या फॉस्फोलिपिडने बांधून पाण्यात विरघळल्यासारखे पसरवले; यालाच इमल्शन म्हणतात. त्यातला कण सरासरी 0.3 मायक्रॉनचा, तर तांबडी पेशी सुमारे 7 मायक्रॉनची. जेवणानंतर आपले आतडेही चरबीचे असेच सूक्ष्म कण रक्तात सोडते. आजच्या काही मिश्रणांत माशाचे तेल आणि नारळासारख्या तेलांतून वेगळे काढलेले स्निग्धांशही असतात.

मग नुसती साखर वाढवली तर? दाट साखरेला मोठीच शीर लागते, रक्तातली साखर चढते, यकृतात चरबी साठते. शिवाय काही स्निग्धाम्ले शरीर स्वतः बनवू शकत नाही. ती काही आठवडे मिळाली नाहीत तर त्वचा खवलते, जखमा भरत नाहीत. वीस टक्क्यांचे 250 मिलिलिटर इमल्शन मात्र सुमारे 500 किलोकॅलरी देते. पण ही 'ताकदीची पिशवी' समजून अशक्तपणावर मागणे, हा तिसरा गैरसमज. जंतुसंसर्गाचा धोका असतो, रक्तातील ट्रायग्लिसराइड आणि यकृत तपासत राहावे लागते, अंडे किंवा सोयाबीनची ॲलर्जी आधीच सांगावी लागते. आतडे चालत असेल तर नाकातल्या नळीवाटे दिलेले पातळ अन्नच सरस. तेव्हा डॉक्टरांकडे बाटली मागण्याऐवजी विचारावे: पेशंटचे आतडे चालते का, आणि त्याच्या शरीराला आज किती कॅलरी मिळाल्या?