गोऱ्हा गाडीला कसा लावतात? घाई केली तर बैल आयुष्यभर बुजरा का होतो?

जालना : नांगरट ट्रॅक्टरकडे गेली, तरी जालना जिल्ह्यात बैलजोडीचे काम संपलेले नाही. कपाशी आणि सोयाबीनच्या ओळींतली कोळपणी, पावसाळ्यात चिखलाच्या पाणंदीतून चारा आणणे, अंबड-घनसावंगीच्या कालवा पट्ट्यात उसाची टायरगाडी ही कामे अजून बैलच ओढतात. शिकलेली जोडी महाग पडते, म्हणून अनेक जण घरचाच गोऱ्हा तयार करतात. आणि गडबड होते ती बहुतेक वेळा इथेच.

कोणत्या वयात सुरुवात?

गोऱ्हा साधारण दोन ते अडीच वर्षांचा झाला की दोन दाती होतो. गाडीची खरी शिकवणी तेव्हापासून. त्याआधी वेसण घालणे, कासऱ्याने फिरवणे, अंगाला हात लावू देणे एवढेच. खच्चीकरण पशुवैद्यकाकडून चिमट्याने करून घ्यावे. आदत गोऱ्ह्याच्या मानेवर जू ठेवले तर हाडे पक्की होण्याआधीच त्यांच्यावर ताण येतो.

आधी जू, मग ओंडका, गाडी शेवटी

पहिले काही दिवस नुसते जू. नवा गोऱ्हा एकटा जुंपत नाहीत. शेजारी मुरलेला, शांत बैल देतात. माणसाच्या हाळीपेक्षा जोडीदाराचे पाऊल पाहून तो लवकर शिकतो. थांबण्याची हाळी रोज एकच हवी. घरातल्या तिघांनी तीन तऱ्हेने ओरडायचे आणि बैलाने समजून घ्यायचे, हे जमत नाही.

चालणे सरळ झाले की जुवाला हलका ओंडका बांधतात. मागून काहीतरी घासत येते आहे, या आवाजाची भीती इथे मोडते. हा टप्पा गाळून थेट गाडी जोडली तर चाकांच्या खडखडाटाने गोऱ्हा उधळतो. एकदा उधळला की गाडी दिसताच बुजतो, नाहीतर जू मानेवर येताच खाली बसतो. अशा बैलाला बाजारात गिऱ्हाईक मिळत नाही.

त्यानंतर रिकामी गाडी, तीही सपाट, कोरड्या रस्त्यावर. काळ्या रानातल्या चिखलात पहिला धडा देऊ नये. उतारावर गाडी बैलाला मागून ढकलते, त्यामुळे उताराचा सराव सगळ्यात शेवटी.

ओझ्याचा तोल

दोन चाकी गाडी म्हणजे तराजूच, चाकांचा आस हा तिचा मध्य. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि गळ्याखालचा पट्टा आवळतो. पुढे जास्त झाला की सगळा भार मानेवर येतो. वजन तेवढेच असते, फक्त भरण्याची जागा चुकते. नव्या गोऱ्ह्याला याचा त्रास आधी होतो, कारण त्याचा खांदा अजून निबर झालेला नसतो.

कायदा काय सांगतो?

ओढकाम आणि ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठी 1965 चे केंद्रीय नियम आहेत. दिवसात 9 तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग 5 तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. पारा 37 अंशांवर जात असेल तर दुपारी 12 ते 3 जनावर जुंपायचे नाही. जालन्यात मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे गाळपाचा हंगाम उरकत असताना, ही वेळ अनेकदा येते. टोकाला आर बसवलेली पराणी वापरण्यासही मनाई आहे. हे सगळे घोडा आणि खेचरालाही लागू.

रोज काय पाहायचे?

जू सोडल्यावर खांद्यावरून हात फिरवा. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणीला लोणी-हळद लावतात. नव्या गोऱ्ह्याच्या खांद्याकडे मात्र रोज लक्ष हवे. सूज, गरमपणा किंवा केस गेलेली जागा दिसली तर गाडी बंद ठेवा आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. खांदा पूर्ण बरा होईपर्यंत रिकामे जूसुद्धा नको.