भरती ‘लागली’ म्हणजे काय?

माझं माहेर घाटावरचं. लग्न होऊन अलिबागला आले तेव्हा समुद्राबद्दल दोनच शब्द ठाऊक होते, भरती आणि ओहोटी. तेही भूगोलाच्या पुस्तकातले. सासरी मात्र उठल्याबसल्या ‘आज भांग आहे’, ‘उधाण उतरलं’ असं चाले. मी मान डोलवायची. बी. ए. झालेल्या सुनेनं विचारायचं तरी कसं!

दुसऱ्या वर्षी संकष्टीला आम्ही कुलाबा किल्ल्यातल्या गणपतीला निघालो. ओहोटीला तिथे वाळूवरून चालत जाता येतं. सासूबाई म्हणाल्या, “नऊनंतर भरती लागेल हो, दहाच्या आत परता.” नऊला पाहिलं तर समुद्र केवढा दूर! म्हटलं, कुठे आहे भरती? ‘लागणं’ म्हणजे सुरू होणं, हे मला कुठे माहीत? आणि ह्यांनी तर ऐकलंच नव्हतं. दर्शन झालं, तटावर फिरणं झालं, साबुदाण्याच्या खिचडीचा डबा उघडला. साडेअकराला निघालो तो वाटेत पाणी गुडघ्याला, पुढे कमरेला. सात वर्षांचा भाचा रडायला लागला. ह्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. डबा आणि माझ्या चपला समुद्राला गेल्या.

सासूबाई रागावल्या नाहीत. चहा दिला आणि हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी म्हणजे चार, त्याची पाऊणपट तीन. तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि सहा तास आधी, नऊला, पूर्ण ओहोटी. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. भरती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणून हे जमतं. मिनिटाचा हिशेब नव्हे, पण मुंबई-अलिबागकडे बऱ्यापैकी जुळतो.

पाणी काही नळाखालच्या बादलीसारखं एकसारखं भरत नाही, हे मी नंतर वाचलं. पहिल्या तासात जेमतेम बारावा हिस्सा चढतो. तिसऱ्या-चौथ्या तासांत मिळून निम्मं. आम्ही नेमके तेव्हाच वाळूत होतो!

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते, ते उधाण. पाणी जास्त चढतं, तसंच जास्त हटतंही. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात, तो भांग. तेव्हा चढणंही बेताचं, उतरणंही बेताचं.

पावसाळ्यात ‘साडेचार मीटरच्या लाटा उसळणार’ अशी बातमी येते. माझ्या वर्गातली मुलं घाबरून विचारतात. अहो, ती लाटेची उंची नव्हेच! नेहमीच्या सर्वांत खालच्या ओहोटीच्या जवळपास एक पातळी शून्य धरतात, तिच्यापासून मोजलेली ती भरतीची पातळी. लाट त्यावर वेगळी. मात्र भीती खोटी नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दुपारी 4.48 मीटरची भरती होती. नाल्यांचं पाणी समुद्र घेईना, मुंबई बुडाली.

यंदा शाळेची किल्ल्याची सहल ठरली, नेमकी अष्टमीला. मी दिनदर्शिका घेऊन मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले. “अहो, बाराला ओहोटी आहे की!” त्या म्हणाल्या. म्हटलं, “आहे, पण भांगाची. पाणी पुरतं हटणार नाही.” सहल द्वितीयेवर गेली. सकाळी सातला किनाऱ्यावर जमायचं, साडेआठला सगळ्यांनी परत. डबे घरी येऊन खायचे.