तालमीची माती आणि जिमची वर्गणी

बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात तालीम ही गावाची असे. तिचा हिशेब घरखर्चाच्या वहीत क्वचितच चढे. लाल मातीत हळद, तेल, ताक, लिंबू कालवायचे ते गावकऱ्यांच्या वर्गणीतून वा एखाद्या दात्याच्या हातून. शेजारी कोल्हापुरास शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ साली खासबाग मैदान उभे राहिले. मात्र तालीम स्वस्त म्हणून पैलवानकी स्वस्त नव्हे! दूध, तूप, बदाम यांच्या खुराकापायी दुभती म्हैस पोराच्या वाटणीला जाई. धाकट्या बहिणींना काय उरे, ते वहीत कोणी लिहीत नसे.

आता पोरे जिमला जातात आणि तेथे दारातच बहुधा वर्षाचे पैसे मागतात. समजा, ९,००० रुपये भरले आणि मुलगा साठच दिवस गेला. एका दिवसास १५० रुपये पडले. महिन्याचे १,००० देऊन तो तीन महिन्यांत कंटाळला असता, तर ३,०००च गेले असते. म्हणून आम्ही म्हणतो, वार्षिक सवलत मुलाच्या सवयीशी ताडून पाहावी. प्रवेशशुल्क, प्रशिक्षकाचे वेगळे पैसे, मध्येच सोडल्यास परतावा, हे सारे लेखी घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमवरील जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. पावतीवर तो किती लावला, हे विचारण्यास संकोच नको.

आणि प्रथिनांच्या भुकटीचा डबा? तो जुना खुराकच. म्हशीऐवजी दुकानातून येतो, आणि वर्गणीत धरलेला नसतो.