जिवाणूंची यंत्रे : लेखांक ४
मोटर उलटी फिरवणारे प्रथिन

मागच्या लेखात आपण ई. कोलाय जिवाणूच्या कशाभिकेच्या मुळाशी असलेली मोटर पाहिली. बाहेरून आत येणाऱ्या प्रोटॉनांच्या ओघावर ती चालते आणि सेकंदाला शंभरावर फेरे घेते. ही मोटर दोन्ही बाजूंनी फिरू शकते. मग कधी कोणत्या बाजूने फिरायचे, हे ठरवते कोण?

मोटरा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरत असल्या की कशाभिकांची एक जुडी होते आणि जिवाणू साधारण सेकंदभर सरळ पोहतो. एखादी मोटर काट्यांच्या दिशेने फिरली की जुडी सुटते. सेकंदाच्या दहाव्या हिश्शात जिवाणू जागच्या जागी गडबडतो आणि पुन्हा निघतो, तेव्हा त्याचे तोंड दुसरीकडेच असते.

१९७४ मध्ये मायकल सिल्व्हरमन आणि मेल्विन सायमन यांनी हे फिरणे डोळ्यांना दिसेल असे केले. त्यांनी प्रतिपिंडांच्या साहाय्याने कशाभिका काचेला चिकटवली. कशाभिका जखडली, पण मोटर चालूच राहिली. त्यामुळे सबंध जिवाणूच गरगर फिरू लागला. सूक्ष्मदर्शकाखाली तो थोडा वेळ एका बाजूने फिरताना दिसतो आणि मग एकदम उलटा फिरू लागतो. त्याच वर्षी ज्युलियस अॅडलर यांच्या गटाने अशा जखडलेल्या जिवाणूंना आवडता पदार्थ दिला. ते काट्यांच्या उलट फिरू लागले. नावडता पदार्थ दिल्यावर ते काट्यांच्या दिशेने फिरले.

बाहेरची ही बातमी मोटरीपर्यंत पोहोचवणारे प्रथिन म्हणजे ‘चे-वाय’. ते जेमतेम १२८ अमिनो आम्लांचे आहे. पेशीच्या टोकाशी ग्राही प्रथिनांचा पुंजका असतो आणि त्याला ‘चे-ए’ जोडलेले असते. आवडता पदार्थ कमी झाला किंवा नावडता वाढला की ‘चे-ए’ स्वतःवर फॉस्फेट चढवते आणि ते ‘चे-वाय’च्या सत्तावन्नाव्या स्थानावरील अॅस्पार्टेटला देते. फॉस्फेट लागलेले ‘चे-वाय’ पेशीद्रवातून मोटरीपर्यंत जाते आणि तिच्या तळच्या कड्यातील ‘फ्लि-एम’ व ‘फ्लि-एन’ या प्रथिनांना चिकटते. कडे आकार बदलते आणि मोटर काट्यांच्या दिशेने फिरू लागते. ‘चे-झेड’ हे प्रथिन फॉस्फेट काढत राहते, त्यामुळे हा हुकूम फार वेळ टिकत नाही. ‘चे-वाय’ नसलेला जिवाणू गडबडतच नाही, सरळच पोहत राहतो. ‘चे-झेड’ नसलेला सारखा गडबडत राहतो.

मोटरीची प्रतिक्रिया अतिशय तीव्र असते. फिलिप क्लुझेल, मायकल सुरेट आणि स्टॅनिस्लास लाइब्लर यांनी २००० मध्ये एकेका जिवाणूवर मोजमाप केले. फॉस्फेटयुक्त ‘चे-वाय’चे प्रमाण अगदी थोडे वाढले, तरी जवळजवळ सतत काट्यांच्या उलट फिरणारी मोटर जवळजवळ सतत काट्यांच्या दिशेने फिरू लागते, असे त्यांना आढळले.

कड्याचा आकार बदलल्याने दिशा का उलटते, याचा उलगडा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या रचनांतून झाला. कड्याला ढकलणारे ‘मोट-ए’ प्रथिनांचे पंचक स्वतः कधीच दिशा बदलत नाही. ते नेहमी काट्यांच्या दिशेनेच फिरते. कडे आकसलेले असते तेव्हा पंचक त्याला बाहेरून टेकते आणि शेजारी लागलेल्या दोन दातेरी चाकांसारखी दोघे एकमेकांच्या उलट फिरतात. ‘चे-वाय’ चिकटल्यावर कडे रुंदावते. आता पंचक त्याला आतल्या बाजूने टेकते आणि दोघे एकाच दिशेने फिरू लागतात. इंजिन उलटे न फिरवता दिशा बदलण्याची ही युक्ती मला या साऱ्या यंत्रातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

हवे तिकडे तोंड वळवणे जिवाणूला जमत नाही. आहे त्या वाटेने आणखी पुढे जायचे की थांबून पुन्हा नशीब आजमावायचे, एवढेच त्याच्या हाती असते. परिस्थिती सुधारत असेल तर गडबडणे लांबते. एवढ्या एका फरकाने तो अन्नाकडे सरकत जातो. पण परिस्थिती सुधारते आहे हे कळायला मघाशी काय होते ते लक्षात असावे लागते. मेंदू नसलेल्या पेशीला ते कसे जमते, हे पुढच्या आठवड्यात पाहू.